पेरोव्स्काइट सोलरचे थर कामून सुटतात, आणि ते धरून ठेवायचं काम कुठवर आलंय

प्रश्न लातूरच्या एका भाऊंचा आहे, ते घरांवर आणि शेतात सोलर बसवायचं काम करतात. गिऱ्हाईक आता मोबाईलवर वाचून येतं आणि म्हणतं पेरोव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थाचे सोलर पॅनल यायलेत, स्वस्त असणार, मग आत्ता कामून बसवू, थांबतो की दोन वर्षं. भाऊंनी स्वतः कुठंतरी वाचलंय की सेलचे थर रेणूंनी एकमेकाला चिकटवून हे सेल टिकाऊ केलेत, तर हे चिकटवणं म्हणजे नेमकं काय आणि त्यात दम आहे का, हा दुसरा प्रश्न. आणि त्यांची मुलगी नांदेडला एमएस्सी फिजिक्स करायलीय, तिनं या विषयात प्रोजेक्ट घ्यावा का, हा तिसरा. मी थिन फिल्मच्या, म्हणजे पदार्थांचे अतिपातळ थर चढवायच्या, कामात बरीच वर्षं आहे, तिन्हीचं उत्तर देतो, मधलं सगळ्यात लांब होईल कारण खरी मेख तिथंच आहे.

गिऱ्हाइकाचं आधी उरकतो. भाऊ, त्याला थांबायला सांगू नका. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीनं सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवलेले पहिले पॅनल २०२४ च्या सप्टेंबरात विकायला बाहेर काढले, २४.५ टक्के कार्यक्षमतेचे (म्हणजे पडलेल्या उन्हाचा तेवढा भाग विजेत बदलणारे), ते अमेरिकेतल्या एका मोठ्या वीज प्रकल्पाला गेले. आपल्याकडं छपरावर टाकायला, २५ वर्षांची खात्री देणारा आणि ती खात्री उन्हात सिद्ध झालेला पेरोव्स्काइट पॅनल आज नाही. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळायलीय, लाईट बिल दर महिन्याला यायलंय, मग जो माल सिद्ध झालाय तो बसवा. नवीन पॅनल खरंच चांगला निघाला तर पुढं वाढवताना तो घेता येईल.

आता मधला प्रश्न. पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांना ते उरल पर्वतात सापडलं, आणि लेव पेरोव्स्की या रशियन माणसाचं नाव त्याला दिलं. सेलमध्ये आपण वापरतो ते मात्र खाणीतलं खनिज नाही, फक्त स्फटिकाची घडण तशी असते. शिसं, आयोडीन आणि मिथाइलअमोनियम नाहीतर फॉर्मामिडिनियम असा एखादा छोटा सेंद्रिय आयन, एवढ्याचं पिवळं द्रावण करायचं, काचेवर पसरवायचं, शंभर-दीडशे अंशांवर तापवायचं, की काही सेकंदात पिवळ्याचं काळपट तपकिरी होतं आणि आरशासारखी चमक येते. सिलिकॉनला हजार अंशांच्या वरच्या भट्ट्या लागतात, इथं हॉटप्लेट पुरते, म्हणून तर जगभर एवढी धावपळ चाललीय. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटानं पहिला सेल केला तो ३.८ टक्क्यांचा होता, आज छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढं गेलेत. सिलिकॉनच्या डोक्यावर पेरोव्स्काइट बसवून लाँगी कंपनीनं २०२४ मध्ये ३४.६ टक्के दाखवले. एकट्या सिलिकॉनची तात्त्विक मर्यादाच २९.४ आहे, यावरून काय ते समजून घ्या.

म्हणजे वीज काढायचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय, अडलंय ते टिकण्यापाशी. आणि टिकण्याचं बोलताना लोक फक्त ओल, उष्णता आणि ऊन यांचंच बोलतात. ते खरंच आहे, मिथाइलअमोनियमवाला थर ओल लागली की फुटून त्याचं लेड आयोडाइड होतं, ते पिवळं असतं, काळ्या सेलच्या कडेनं पिवळी किनार आत सरकताना डोळ्यांनी दिसते. पण माझं मत असं आहे की थरांच्या जोडाकडं, म्हणजे निव्वळ यांत्रिक बाजूकडं, फार उशिरा लक्ष गेलं. सेल म्हणजे एक पदार्थ नसतो, पाच-सहा थरांची चळत असते. काच, तिच्यावर वीज वाहणारा पारदर्शक ऑक्साइड, त्यावर इलेक्ट्रॉन उचलणारा टिन ऑक्साइडचा पातळ थर, मग पेरोव्स्काइट, मग होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) नेणारा थर, आणि वर धातू नाहीतर कार्बन. उलट्या रचनेत हेच क्रम बदलून. पेरोव्स्काइटचा थर अर्ध्या मायक्रॉनचा असतो, तुमच्या पॅनलमधली सिलिकॉनची वेफर दीडशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तीनशे पट जाड. एवढा पातळ थर वेगळ्या जातीच्या पदार्थांमधे धरून ठेवायचा आहे, तेही २५ वर्षं.

आता हा थर सुटायला कशामुळं बघतो ते नीट बघा. तापलं की काच थोडी फुगते, पेरोव्स्काइट तिच्या चार-पाच पट फुगतं. थर तयार होतो शंभर अंशांवर, तेव्हा तो काचेशी जुळलेला असतो, मग आपण थंड करतो, पेरोव्स्काइटला जास्त आकसायचं असतं, काच त्याला आकसू देत नाही, झालं, थर कायमचा ताणलेला राहतो. हा ताण ५० मेगापास्कल आणि त्याच्याही वर मोजलेला आहे. ताणलेला थर रसायनाच्या बाजूनंही लवकर खराब होतो, दाबाखाली ठेवलेला जास्त टिकतो, हेही प्रयोगांत दिसलंय.

यातून एक गोष्ट निघते जी आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. लोकांना वाटतं पॅनलला सगळ्यात जड आपला मे महिना, नांदेड-परभणीला पारा ४३-४४ वर आणि पॅनल ६५-७० अंशांवर. रसायनासाठी ते बरोबर आहे. पण जोडावरची ओढ शंभर अंशांपासून जितकं खाली जाल तितकी वाढते, म्हणजे ती सगळ्यात जास्त असते डिसेंबरातल्या परभणीच्या पहाटे, पारा दहाच्या खाली असताना. मग उन्हं आली की दोन-तीन तासांत पॅनल चाळीस-पन्नासवर, संध्याकाळी परत खाली. मे महिना थराला आतून सडवतो, थंडीची पहाट त्याला ओढते, आणि हे दोन्ही एकाच पॅनलच्या नशिबी आहे.

ही ओढ किती, याचा कागदावर ढोबळ हिशोब केला तर अर्ध्या मायक्रॉनच्या थरात साठलेली ऊर्जा चौरस मीटरला ०.१ ते ०.२ ज्युल भरते. आणि थर उकलायला लागणारी ऊर्जा, मोजमापांत, पेरोव्स्काइट सेलमध्ये साधारण दीड ज्युल किंवा त्याहून बरीच कमी येते. सिलिकॉनच्या पॅनलमध्ये ती याच्या कितीतरी पट असते. तुम्ही म्हणाल दीड आणि ०.२ मधे जागा तर आहे. आहे, पण ती पहिल्या दिवशीची. रोज ताण-ढील, ताण-ढील, त्यात उजेड आणि उष्णतेनं जोडापाशी बारीक पोकळ्या होतात, ओल बंध कमजोर करते, मग ती दीड खाली खाली येत जाते आणि एक दिवस दोन्ही आकडे भेटतात. शिवाय थर जाड केला की साठलेली ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते, आणि सिलिकॉनवर बसवायच्या पेरोव्स्काइटचा थर बऱ्याचदा जाडच ठेवावा लागतो, हे विसरू नका.

तर इथं येतं ते चिकटवणं. तुम्ही वाचलं ते बहुतेक ब्राउन विद्यापीठातल्या नितीन पडतुरे यांच्या गटाचं काम असणार, २०२१ मध्ये सायन्स या संशोधन नियतकालिकात आलेलं, पडतुरे सर मूळ आयआयटी मुंबईतून शिकलेले, धातुशास्त्राचे, म्हणूनच त्यांनी सेलकडं एक तुटणारी वस्तू म्हणून बघितलं असं मला वाटतं. त्यांनी टिन ऑक्साइड आणि पेरोव्स्काइटच्या मधे एकाच रेणूच्या जाडीचा थर टाकला, याला सेल्फ असेंबल्ड मोनोलेअर म्हणतात, लॅबमध्ये आम्ही सरळ सॅम म्हणतो. रेणू असा निवडला की एका टोकाला सिलेन, म्हणजे सिलिकॉनचा अणू असलेला गट, ते टिन ऑक्साइडवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांशी पक्का बंध करतं, मधे तीन कार्बनची छोटी साखळी, आणि दुसऱ्या टोकाला आयोडीन, ते पेरोव्स्काइटमधल्या शिशाला धरतं. दोन हातांनी दोन थर धरलेला रेणू, असे चौरस सेंटीमीटरला लाखो अब्ज.

साधा डिंक इथं चालत नाही, कारण डिंक वीज अडवतो. रेणू एक नॅनोमीटरपेक्षाही छोटा आहे म्हणून इलेक्ट्रॉन त्याच्यातून पार होतो. उलट फायदाच होतो, कारण टिन ऑक्साइडवरचे मोकळे हायड्रॉक्सिल गट इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात आणि पेरोव्स्काइटलाही त्रास देतात, ते बंधात गुंतले की ती कटकट कमी होते. म्हणून त्यांच्या सेलची कार्यक्षमता २०.२ वरून २१.४ टक्क्यांवर गेली, जोड उकलायला लागणारी ऊर्जा ५० टक्क्यांनी वाढली, आणि सेल स्वतःच्या सुरुवातीच्या कार्यक्षमतेच्या ८० टक्क्यांवर यायला लागणारा काळ, पुढचा अंदाज बांधून काढलेला, साधारण ७०० तासांवरून ४००० तासांवर गेला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती त्यांनी जुने झालेले सेल मधून कापून मायक्रोस्कोपखाली बघितले ही, सॅम नसलेल्या सेलमध्ये जोडापाशी पोकळ्या आणि थर सुटलेला, सॅमवाल्यात जोड बराचसा जागेवर. नुसता आकडा वाढला असं न सांगता कामून वाढला ते दाखवलं.

गवंडी जुन्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा करायच्या आधी छिन्नीनं टोचे मारतो, पाणी मारतो, नाहीतर गिलावा फुगून पोकळ वाजतो. सॅमचं काम त्याच जातीचं आहे, फक्त रेणूच्या मापात.

करून बघताना कुठं अडतं तेही सांगतो, कारण पेपर वाचून हे कळत नाही. टिन ऑक्साइड लावलेली काच आधी यूव्ही-ओझोनमध्ये, म्हणजे अतिनील दिव्याच्या सफाई पेटीत, ठेवायची, म्हणजे पृष्ठभाग साफ होतो आणि हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. मग सॅमचं पातळ द्रावण, मग हॉटप्लेट, आणि मग सॉल्व्हंटनं धुणं. हे धुणं फार महत्त्वाचं, नाहीतर न चिकटलेले रेणू वर ढीग करून बसतात आणि तोच ढीग पुढं कमजोर थर होतो, म्हणजे चिकटवायला टाकलं आणि सुटायची सोय केली. सिलेनला ओल अजिबात चालत नाही, आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाटलीचं झाकण उघडं राहिलं की रेणू काचेला धरायचं सोडून एकमेकालाच धरतात, गुठळ्या होतात, धुतल्यावर काच ट्यूबलाईटकडं धरली तर दुधाळ झाक दिसते. ती काच पुढं नेऊ नये. थर बसला का नाही याची झटपट परीक्षा पाण्याच्या थेंबाची. ओझोनमधून काढलेल्या काचेवर थेंब पसरून सपाट होतो, सॅम बसला असेल तर तोच थेंब गोल उभा राहतो. पण इथंच दुसरी अडचण, जे पाणी झिडकारतं ते पेरोव्स्काइटच्या द्रावणालाही झिडकारू शकतं. उलट्या रचनेत वापरतात त्या मी-फोर-पॅकझ नावाच्या सॅमवर तर हा त्रास नेहमीचा, द्रावण फिरवताना मधे टक्कल पडल्यासारखी मोकळी जागा राहते. मग दोन प्रकारचे रेणू मिसळून वापरणं, किंवा ॲल्युमिनाचे बारीक कण टाकणं असे उपाय करतात.

या पॅकझ घराण्यातले रेणू लिथुआनियातल्या काउनास आणि बर्लिनच्या गटांनी मिळून पुढं आणले, त्यांचा पकडायचा हात सिलेनचा नसून फॉस्फोनिक आम्लाचा असतो, आणि ते नुसते जोडत नाहीत तर होल नेणारा थर म्हणून स्वतःच काम करतात. २०२० मध्ये त्यांनी याच्या जोरावर सिलिकॉनवरचा सेल २९.१५ टक्क्यांवर नेला होता. आज उलट्या रचनेचे चांगले सेल बघितले तर बहुतेकांत तळाला याच जातीचा थर सापडतो.

आता खरी मेख. एक जोड पक्का केला की तडा दुसरा कमजोर जोड शोधतो. उलट्या रचनेत खालचा जोड फॉस्फोनिक आम्लानं धरला, पण पेरोव्स्काइटच्या वर सी-सिक्स्टीचा, म्हणजे साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंचा, थर असतो, तो रासायनिक बंधानं नाही तर नुसत्या हलक्या ओढीनं टेकलेला असतो, त्यामुळं बऱ्याच सेलमध्ये उकल तिथं होते. म्हणून कुणी म्हटलं की आम्ही थर चिकटवले, तर माझा पहिला प्रश्न असतो, मग आता सेल कुठं तुटतो? हे बघायची पद्धत आहे, सेलच्या वर दुसरी काच इपॉक्सीनं चिकटवायची आणि दोन्ही काचा एका टोकाकडून हळूहळू फाकवायच्या, किती जोरानं उकलतंय ते मशीन नोंदवतं. पण त्यापेक्षा जास्त शिकवतात त्या उकललेल्या दोन काचा. एकीवर काळपट थर पूर्ण आणि दुसरी कोरी असेल तर तडा जोडातून गेला, दोन्हीकडं काळपट खरखरीत दिसत असेल तर पेरोव्स्काइट स्वतःच मधून फाटलं, म्हणजे जोड आता थरापेक्षा भारी झाला. दुसरं दिसलं की समाधान वाटतं, कारण मग पुढचं काम पेरोव्स्काइटचा थर ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्या दाण्यांना एकमेकाशी बांधायचं. तेही झालेलं आहे, ग्रेट्झेल यांच्या गटानं २०१५ मध्ये एका टोकाला फॉस्फोनिक आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अमोनियम असलेला रेणू टाकून शेजारशेजारचे दाणे जोडून दाखवले होते.

सगळ्याच्या बाहेरचा जोड तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पॅनलचं लॅमिनेशन. सिलिकॉनमध्ये सेल काचेला चिकटवायला चालतो तो ईव्हीए प्लास्टिकचा थर इथं जसाच्या तसा चालत नाही, एक तर तो दीडशे अंशांच्या आसपास पिकवावा लागतो आणि दुसरं म्हणजे जुना होताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. म्हणून पॉलिओलेफिन हे दुसरं प्लास्टिक, दोन्हीकडं काच आणि कडेला ब्युटिल रबराच्या जातीचं सील हा मार्ग बरा. सिडनीच्या ॲनिटा हो-बेली यांच्या गटानं २०२० मध्ये अशा बंदिस्त सेलना ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १८०० तासांच्या वर टिकवून दाखवलं, मुद्दा साधा होता, थर फुटताना जे वायू निघतात ते बाहेरच जाऊ दिले नाहीत तर फुटणंही मंदावतं.

आता ४००० तासांचा हिशोब तुमच्या भाषेत. आपल्याकडं दिवसाला पाच-साडेपाच तास पूर्ण ऊन धरलं तर वर्षाला साधारण १९०० तास होतात. म्हणजे ४००० तास म्हणजे दोन वर्षं, आणि त्यानंतर पॅनल ८० टक्क्यांवर. सिलिकॉनवाला २५ वर्षांची हमी देतो, ते ४७ हजार तास झाले. शिवाय तो ४००० चा आकडा प्रयोगशाळेतल्या सांभाळलेल्या हवेतल्या नखाएवढ्या सेलचा आहे, गारपीट, धूळ, डिसेंबरची पहाट त्यात नाही. मी हे कामाची किंमत कमी करायला सांगत नाही, एका रेणूच्या थरानं आयुष्य पाचपट वाढणं ही मोठीच गोष्ट आहे. पण दिशा बरोबर असणं वेगळं आणि मुक्कामाला पोचणं वेगळं. उद्या कुणी तुमच्याकडं पेरोव्स्काइटचा पॅनल घेऊन आला तर टक्के विचारू नका, आयईसी ६१२१५ या पॅनल तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे कागद मागा, त्यात उणे ४० ते ८५ अंशांच्या २०० फेऱ्या झाल्यात का, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास झालेत का, आणि हे पूर्ण पॅनलवर झालंय का एका छोट्या सेलवर. फेऱ्यांचा कागद आधी बघा, जोडाची परीक्षा त्यातच होते.

शिशाचं पण विचारतील. चौरस मीटरच्या थरात शिसं एका ग्रॅमपेक्षा कमी, ०.७ च्या आसपास भरतं. कमी आहे, पण लेड आयोडाइड पाण्यात थोडं विरघळतं, काच फुटलेला पॅनल काळ्या रानात पडून राहिला तर ते चालणार नाही. शेतातल्या पंपाला बसवायचा असेल तर फुटलेला पॅनल परत कोण नेणार हे आधीच लिहून घ्यावं लागेल.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. घ्यावा, नक्की घ्यावा, पण जास्त टक्क्यांचा सेल करायच्या मागं लागू नये, त्याला ग्लोव्हबॉक्स (ओल आणि हवा बाहेर ठेवणारी बंद पेटी) आणि धातू चढवायचं मशीन लागतं आणि तिथं मोठ्या लॅबशी बरोबरी होत नाही. जोडाचा विषय घ्यावा. टिन ऑक्साइडच्या काचा, निम्म्यांवर सॅम, निम्म्या तशाच, दोन्हींवर पेरोव्स्काइटचा थर, वरून साधं पॉलिमरचं झाकण, आणि मग ८५ अंशांची हॉटप्लेट आणि फ्रीज यांच्यामधे फेऱ्या. ठरावीक फेऱ्यांनंतर एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायचा आलेख, काढायचा, पेरोव्स्काइटचं शिखर १४.१ अंशांना येतं आणि फुटून झालेल्या लेड आयोडाइडचं १२.७ ला, दोन्हींची उंची किती बदलली ते मांडायचं, सोबत टेप लावून ओढायची चाचणी आणि प्रत्येक काचेचा एकाच उजेडात काढलेला फोटो. थर बनवायचं काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत उरकावं, मोजमापं पावसाळ्यात चालतात. डीएमएफ, म्हणजे द्रावण करायचं विषारी सॉल्व्हंट, फक्त फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात), हातमोजे कायम, आणि शिशाचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये अजिबात ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत लेबल लावून ठेवायचं. गाईडकडं जाताना तिनं सॅमचा रेणू कोणता, तो कुठं मिळतो आणि कॉलेजमध्ये यूव्ही-ओझोन आहे का एवढं आधी बघून जावं, नसेल तर साध्या प्लाझ्मा क्लीनरवरही काम भागतं.